तोलबाबांची फळी

अर्ध्याहून जास्त फळी टेबलाच्या कडेबाहेर हवेत होती आणि पडत नव्हती. ओतशाळेच्या दोन्ही पाळ्यांची माणसं काम सोडून आवारात जमली होती. पुढच्यांना दिसत होतं, मागचे पुढच्यांना विचारत होते, आणि उत्तर ऐकून हात जोडत होते.

"ही लाल रेघ फळीच्या बरोब्बर मध्यावर आहे," तोलबाबा ओरडले. "ज्याला शंका असेल त्यानं मोजावं! आता सांगा, मध्य कुठाय? हवेत! मग फळी धरलीय कोणी?"

मग त्यांनीच दोन्ही हात वर केले.

"सत्यानं! ज्याचा हात निर्मळ, त्याची फळी निश्चळ!"

सत्याला दुसरी कामं उरली नसावीत, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, कारण फळीला बोट लावायच्या रांगेत माझी वहिनी उभी होती.

गेल्या आठवड्यात याच आवारात क्रेननं उचलताना यंत्राची ओतीव लोखंडी बैठक कलंडली आणि साखळी बांधणाऱ्या लंबूचा पाय तिच्याखाली चिरडला. क्रेनच्या केबिनमध्ये वहिनी होती. तिथं बसणारी ती पहिलीच बाई, त्यामुळे निवाडा लोकांनी आधीच करून टाकला होता. तोलबाबांना आणलं ते फक्त शिक्का मारायला. आणलं मुकादमानं, आणि मालकांनी टेबल पुरवलं.

पद्धत अशी. बाबा फळी उचलत, कपड्यानं पुसत, डोक्यावरून गरगर फिरवत, टेबलावर ठेवून तिच्यावर पंजा दाबून धरत. समोरच्यानं लटकत्या टोकाला बोट लावलं की बाबा पंजा काढत. मुकादमानं बोट लावलं, फळी जागची हलली नाही. लंबूच्या जोडीदारानं लावलं, तरी नाही. मग वहिनीनं बोट लावलं आणि फळी धाडकन तिच्या पायाशी आली.

"तिनंच केलं! तिनंच!" लंबूची आई किंचाळली. तिला दोन बायकांनी धरून ठेवलं. वहिनी मात्र पळाली नाही, रडली नाही. फळीकडे बघत नुसती उभी राहिली.

संध्याकाळी घरी ती पोळपाटासमोर बसून होती आणि कणीक तशीच वाळत चालली होती. भाऊ म्हणाला, "अगं, फळीचं काय मनावर घेतेस?"

"सगळ्यांची राहिली. माझीच पडली," वहिनी म्हणाली. "माझ्या हातातच काहीतरी वाईट आहे. उद्या राजीनामा देते. आणि लंबूच्या आईला मी तोंड कसं दाखवू?"

मला तोलबाबाचा राग येत होता, पण हे वाक्य त्याहून वाईट होतं. लोकांनी तिला दोषी म्हटलं, ते निस्तरता आलं असतं. तिनं स्वतःच मान्य केलं होतं.

मी पदविकेच्या मुलांना यंत्रशास्त्र शिकवते. गुरुत्वमध्य हा धडा दरवर्षी फळ्यावर काढते आणि मुलं दरवर्षी जांभया देतात. त्या रात्री मी भावाचा हातोडा घेतला, आडवा करून बोटावर तोलला आणि वहिनीपुढे धरला.

"दांड्याच्या मध्यावर तोलला का गं?"

"छे. हातोड्याच्या डोक्याजवळ तोललाय. वजन तिकडे आहे ना."

"मग मध्य हवेत असला तरी फळी का पडू नये?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. विश्वास नव्हता त्या नजरेत, पण पहिल्यांदाच ती काहीतरी ऐकत होती. "पण ती कारखान्यातली बैठक का कलंडली?" तिनं विचारलं. "मी झटका दिला नव्हता. देवाशपथ नव्हता दिला."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी आवारात गेले. तिथं तसलीच दुसरी बैठक उचलायची तयारी चालली होती. क्रेनवर दुसऱ्या पाळीचा माणूस, आणि त्याची परीक्षा घ्यायला तोलबाबा पुन्हा हजर. मी बैठकीकडे पाहिलं. एक टोक उंबऱ्याएवढं बारीक, दुसरं कोठीसारखं जाड, आणि मुकादमानं टेप लावून लांबीच्या मधोमध खडूची फुली मारलेली. इथली वर्षानुवर्षांची रीतच ती. टेप लावायचा, मध्यावर फुली मारायची, फुलीवर साखळी बांधायची आणि एका दमात उचलायचं. आजवर इथं दोन्ही टोकांना सारख्याच जाडीचे सरळसोट रूळ ओतले जायचे, म्हणून ते चाललं. या नव्या बैठकीला ते चालणार नव्हतं. आणि जाड टोकापाशी आज लंबूचा जोडीदार उभा होता.

मी सरळ टेबलापाशी गेले. "बाबा, फळी जरा माझ्या हातात देता?"

"अपवित्र हात लावू नये!"

"काल तर सगळ्यांचेच हात लावून घेतलेत!"

लोक हसले. हसलेल्या लोकांपुढे बाबांना नाही म्हणता येईना. मी फळीच्या दोन टोकांखाली दोन बोटं धरली आणि ती हळूहळू एकमेकांकडे सरकवत नेली. "ज्या बोटावर भार कमी, ते सरकतं. ज्याच्यावर जास्त, ते थांबतं. शेवटी दोन्ही बोटं जिथं वजनाचा मध्य आहे तिथंच भेटतात. बघा कुठं भेटतात ते."

बोटं भेटली ती लाल रेघेपासून चांगली वीतभर दूर, एका टोकाकडे. फळी तिथं शांत तोलून राहिली.

"हे टोक जड आहे. जड टोक टेबलावर ठेवलं, की अर्ध्याहून जास्त फळी बाहेर राहते." मी ठेवून दाखवली. राहिली. "आता उलटी करून तेवढीच बाहेर काढते." फळी खाली. "डोक्यावरून गरगर फिरवायचं ते एवढ्यासाठीच. ज्याला पाडायचं त्याच्या वेळी टोक बदलायचं."

साचे बनवणारा सुतार पुढे आला. त्यानं कोणाला न विचारता त्या टोकाला गिरमिट लावलं. आधी लाकडाचा भुसा आला, मग शिशाचा चकचकीत कीस.

"त्या बाईच्या पापानं लाकडाचं शिसं झालं!" तोलबाबा म्हणाले. तरीसुद्धा दोघाचौघांनी माना डोलावल्या, ते मी विसरणार नाही.

मग मी मुकादमाला म्हटलं, "सगळ्यांना लांब करा आणि तुमच्या फुलीवरूनच ही बैठक बोटभर उचला. एका दमात नको." साखळी ताणली. बारीक टोक सरसर वर आलं आणि जाड टोक जमिनीला चिकटून राहिलं. आणखी उचललं असतं तर साखळी घसरली असती आणि बैठक जाड टोकाकडे कलंडली असती. तसंच लंबूचं झालं होतं. जाड भाग आणि बारीक भाग वेगळे धरून मी दोन्हींचं वजन मांडलं, हिशेब केला आणि फुली जाड टोकाकडे सरकवली. बैठक पाण्यासारखी सपाट उचलली गेली. मुकादम तिथंच एका ओंडक्यावर बसला. तोलबाबा कधी सटकले कोणाला कळलं नाही.

"मग माझ्या पोराचा पाय कोणाच्या पापानं गेला?" गर्दीतून पुढे येत लंबूच्या आईनं विचारलं.

"पापानं नाही मावशी. फुली चुकली. आणि काल सगळे फळीपुढे हात जोडून उभे होते, म्हणून आज तीच फुली पुन्हा मारली गेली."

मग वहिनी पुढे आली. ती म्हणाली, "बारीक टोक आधी वर आलेलं मी केबिनमधून पाहिलं होतं. घंटा वाजवली, क्रेन थांबवली, तोवर उशीर झाला होता. तुम्ही सगळ्यांनी फळीला विचारलंत. वर मी बसले होते, मला एकानंही विचारलं नाही."

लंबू आता पूर्वीसारखा चालणार नाही, आणि ते कुठल्या हिशेबानं भरून येणार नाही. पण चमत्कार दाखवायला कोणी आलं तर त्याच्या हातातली वस्तू आपल्या हातात मागा, आणि कोणावर बोट रोखण्याआधी त्याला विचारा की बाबा रे, तुला काय दिसलं? एवढं केलं तरी पुष्कळांचे पाय वाचतील.