घरातला हौद

हल्लीच्या पोरांचे कल्ले दवाखान्यात मिटतात. काचेची टाकी, वर दिवा, शेजारी यंत्र लावून बसलेली नर्स. मूल पाण्यातून काय बोलतं ते म्हणे पडद्यावर उमटतं. माझी सून म्हणते, "आई, किती सोपं झालंय ना आता!" झालंय बाई, मी कुठे नाही म्हणते? पण आमच्या वेळी हौद घरातच असायचा, स्वयंपाकघराला लागून. शेगडीवरचं दूध आणि हौदातलं मूल, दोन्हींवर आईची एकाच वेळी नजर. दूध कधीमधी उतू जायचंच. त्या घराची मला अजून फार आठवण येते.

आपली जात मुळात पाण्यातली. मूल जन्मतं तेच मानेच्या दोन्ही बाजूंना गुलाबी कल्ले घेऊन. बोटांमध्ये पातळ पडदे, डोळ्यांवर आतून एक काचेसारखी पापणी. सहा-सात वर्षं ते पाण्यातच वाढतं. मग कल्ले फिके पडतात, छातीत घडी घालून ठेवलेली फुप्फुसं जागी होतात आणि मूल आपणहून वर येऊन पहिला खोकला काढतं. आपणहूनच यायला हवं. घाईनं ओढून काढलं तर घडी उलगडतच नाही.

वर आल्यावर बोटांमधले पडदे सुकून गळतात, ती पापणीही जाते. कान तेवढे मागे रेंगाळतात. पाण्यातलं बोलणं आपल्याला वर्ष-दोन वर्षं ऐकू येतं, मग कानाचा पडदा राठ होतो आणि ते कायमचं बंद. म्हणजे बघा, आईबापांना पोटच्या पोराचा शब्दही ऐकू येत नाही! मधे बोलायला लागतं ते नुकतंच वर आलेलं मोठं भावंड. आमच्या घरी ते काम माझं होतं.

माझ्या भावाला सगळे भुंगा म्हणायचे. दिवसभर त्याची टकळी चालू. मी हौदाच्या काठावर पालथी पडून एक कान पाण्यात बुडवायची आणि त्याचं बोलणं आईपर्यंत पोचवायची. "पिठाच्या गोळ्या आज कडक झाल्यात म्हणतोय." "बाबा काय ठोकतायत, विचारतोय." बाबा पुढच्या खोलीत पुस्तकांची बांधणी करायचे. त्यांची हातोडी त्याला थेट पाण्यात जाणवायची. मग मी तोंड पाण्यात घालून त्याला उत्तर द्यायची, नाकातोंडात पाणी जायचं, आई ओरडायची. पण घरात माझ्यावाचून कुणाचं पान हलत नसे, त्यामुळे मी जाम भाव खायची.

एका सकाळी भुंगा गप्प झाला. आईनं हौदवाल्या मावशींना बोलावलं. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर वर आलेली. मावशी म्हणाल्या, "मुका झाला ना? मग आलाच म्हणून समजा. आता कुणी त्याच्याशी अवाक्षर बोलायचं नाही." तशी रीतच होती. वर यायच्या आधी मूल मुकं होतं, छातीत जोर साठवतं. अशा वेळी त्याला बोलतं केलं तर तो जोर वाया जातो. म्हणून मूल मुकं झालं की घरानंही मुकं व्हायचं. बाबांनी हातोडी बाजूला ठेवली. आई भांडी फडक्यावर ठेवायला लागली. मी काठावरून उठले.

भुंगा काही वर येईना. तळाशी बसून तो आमच्याकडे बघत राहायचा. तोंड सारखं उघडमीट करायचा, पण कल्ले थकले की सगळीच मुलं तशी करतात. दिवस गेले तसे त्याचे कल्ले उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे झाले. मावशींनी पाण्यात हात घालून ते चाचपले आणि त्यांचा चेहराच उतरला. "मिटत आलेत," त्या बाबांना हळूच म्हणाल्या. "पुरते मिटले आणि हा खालीच राहिला, तर मग माझ्या हातात काही नाही." आईनं तोंडाला पदर लावला. तेव्हाही तिनं आवाज केला नाही.

तेवढ्यात शेजारची टिंगी चाळणी परत द्यायला आली. नुकतीच वर आलेली, अजून बोटांची सालं निघत होती तिच्या. भुंग्याला बघायला ती हौदावर वाकली, कान पाण्याला लागला आणि ती थबकली.

"काकू, हा एवढा ओरडतोय, कुणी बघत का नाही?"

"कोण ओरडतंय?" मी विचारलं.

"तुझा भाऊ! कधीचा 'ताई, ताई' करतोय. तुला ऐकू येत नाही?"

मी धावत जाऊन कान पाण्यात घातला. काहीच नाही. दुसरा घातला. पाणी आपलं पाण्यासारखं. भुंगा मुका झालाच नव्हता. माझे कान वेळेआधी राठ झाले होते, आणि त्या एवढ्याशा पोराशी आम्ही सगळ्यांनी मिळून बोलणं टाकलं होतं.

मी तोंड पाण्यात खुपसलं आणि जीव खाऊन ओरडले, "भुंग्या, आम्ही आहोत रे! मला ऐकू येत नाही, म्हणून बोलले नाही! वर ये!" नाकात पाणी गेलं, ठसका लागला. आईनं मला मागे ओढलं. सगळे श्वास रोखून बघत राहिलो.

आधी त्याचे केस वर आले, मग डोळे. त्यानं दोन्ही हातांनी काठ धरला आणि असा काही खोकला काढला की सगळी फरशी भिजली. मावशींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पांढरे कल्ले मानेला चिकटून बसले. मग त्यानं मला शोधलं आणि घोगऱ्या, फाटक्या आवाजात विचारलं, "ताई, रागावलीस का गं माझ्यावर?"

मला रडू फुटलं. "नाही रे राजा," एवढंच म्हणता आलं.

आई ओल्या फरशीवर बसली होती. त्याला पुसायला घेतलेला टॉवेल तिच्या हातात तसाच होता. सहा वर्षं तिनं त्याला भरवलं होतं, त्याचं पाणी बदललं होतं, त्याला झोपताना पाहिलं होतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "असा आवाज आहे होय याचा?"