दसऱ्याला मला बंद ठेवले

मी एक जुने इको मशीन आहे. मित्रांनो, माझी दांडी छातीवर फिरली की आतले हृदय पडद्यावर धडधडताना दिसते. त्याच्या भोवतीची पातळ पिशवीही दिसते. त्या पिशवीत पाणी साचले तर हृदयाला फुलायला जागाच उरत नाही आणि माणूस गुदमरतो.

माझी उमेदीची वर्षे अमरावतीच्या मोठ्या इस्पितळात गेली. तिथे नवे मशीन आले, तसे मला परतवाड्याच्या या छोट्या दवाखान्यात धाडले. इथे मला मान फार! इतका, की बिघडू नये म्हणून सदा चादरीखाली झाकून ठेवतात. पाहणाऱ्याला वाटावे, आत कोणी आजारीच निजले आहे.

यंदा दसऱ्याला, मला चालवणाऱ्या ललितने मला हळदकुंकू लावले, हार घातला. तेवढ्यात फुलांच्या मळ्यातल्या लीलाबाई आल्या. पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती. दोन महिने सगळे त्यांना दम्याचेच औषध देत होते. शेवटी इथल्या डॉक्टर वर्षालीने इको सांगितला होता.

"आज पूजा झाली, मावशी. आज हत्याराले हात लावत नाई. उद्या या."

"बापू, मले आडवं होताच येऊन नाई राह्यलं रे!"

तरी त्याने त्यांना परत पाठवले. मला तोंड असते तर असे ओरडले असते की चादर उडाली असती!

दुपारी लीलाबाईंना उचलूनच आणले. ओठ निळे पडले होते. डॉक्टर वर्षालीने माझा हार ओढून फेकला.

"पूजा राहू दे बाजूले! स्वीच लाव, ललित!"

पडद्यावर हृदयाभोवती पाण्याचा काळा वेढा दिसला. माझ्या पडद्याकडे पाहत पाहत वर्षालीने छातीतून त्या पिशवीत सुई घातली. लालसर पाणी बाटलीत उतरू लागले, तसा लीलाबाईंचा श्वास मोकळा झाला. पुढे तपासणीत कळले, पिशवीला क्षय झाला होता. तो गोळ्यांनी बरा होतो.

ललितने डोळे पुसत मला हात जोडले. "देवा, वाचवलं तू!"

माझा असा संताप झाला! पण माझ्या मनातले लीलाबाईच बोलल्या.

"हात काहून जोडतं त्याले? सकाळीच चालू केलं असतं तं?"

ललितची मान खाली गेली.

मित्रांनो, मला जपा, पुसा, वेळेवर दुरुस्त करा. पण मी देव नाही. धापा टाकत दारात आलेल्या माणसाला माझ्या नावाने 'उद्या या' म्हणू नका.