तळ्याभोवतीची सोपी वाट

बाहीवर निळा दोरा चिकटला होता – शिवायला आलेल्या शाळेच्या स्कर्टचा, सकाळी चुकलेली शिवण उसवताना उडालेला – आणि तो चिमटीत धरून काढायला नखं नव्हती. नखं काल धाकटीनं कापून दिली होती. स्वतःहून. आधी हात, मग पाय मांडीवर घेऊन, एक एक बोट पुसत, जणू समोर आई नव्हे, न्हाऊ घातलेलं मूल बसलंय. त्याआधी केस विंचरून दिले होते, त्याआधी चहात न मागता साखर जास्त घातली होती, आणि एवढं गोड वागणं त्या घरात फुकट कधी झाल्याचं तिला आठवत नव्हतं.

"आई, जपून. इथं ओलं आहे."

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत अजून."

वाटेच्या तोंडाशी पिवळी पाटी होती. तिनं अक्षराला अक्षर जोडत वाचली – तळ्याभोवतीची सोपी वाट, लहान मुले व वृद्धांसाठी. म्हणजे आता पाट्यासुद्धा तोंडावर बोलायला लागल्या... दोन यत्ता शिकले ते हेच वाचायला.

झाडांखाली गार होतं. पाण्यावर शेवाळ असं पसरलं होतं की वाटावं, कुणी हिरवं अस्तर अंथरलं आणि कापायचं विसरून निघून गेलं. पुढं धाकटी, मागं ती. मग वाट रुंद झाली आणि दोघी शेजारी शेजारी चालू लागल्या, आणि शेजारी चालणं म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, ती रीत तिनंच तर पाडली होती. घरात खालच्या खोलीत शिवणाची मशिनं, मशिनांवर बायका, मशीन थांबलं की बायकांचे कान सुरू. म्हणून वाईट बातमी घरात सांगायची नाही. बाहेर पडायचं, आणि चालता चालता, समोर बघत सांगायची. थोरल्याला तिनं असंच सांगितलं होतं – बाजूला हो, ट्रक येतोय, आणि हे बघ, तुझे बाबा आता दवाखान्यातून घरी येणार नाहीत. मधलीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेही असंच, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत. चालताना माणसाला माणसाचं तोंड बघावं लागत नाही. मग त्या घरात 'जरा फिरून येऊ' म्हटलं, की ऐकणारा आधी खालीच बसायचा.

आज सकाळी ती सहज बोलून गेली होती, डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणून, आणि धाकटीनं हातातला कप खाली ठेवला होता. "मग आजच जाऊ. तळ्याकडे."

आजच. एवढी घाई... सांगून मोकळं व्हायचं असणार.

धाकटी जाणार होती. हे कुणी सांगायला नको होतं. कोपऱ्यावरचा चष्मेवाला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, एकच पँट आखूड करून घ्यायला पुन्हा पुन्हा येत होता. आणखी एकदा आला तर तिची चड्डीच होईल, असं ती मशिनांवरच्या बायकांना मोठ्यानं म्हणाली होती, आणि सगळ्या हसल्या होत्या. धाकटी तेवढी मान खाली घालून काजं करत राहिली. तेव्हाच कळलं. जाईल तर जाऊ दे. केस पिकायला लागले तिचे, कुणाच्या परवानगीची वाट बघायचं वय राहिलंय का? कापड कुणीही कापील, कुलूप कुणीही उघडील. पण संध्याकाळी मशिनं झाकून झाली की समोर बसून भांडायला कोण? माझ्या एका शब्दाला दोन परत करणारी या घरात तीच एक निघाली... बाकीची सगळी नुसती हो म्हणणारी.

म्हणून तिनं धाकटीला बोलूच द्यायचं नाही असं ठरवलं.

"ते बघ बदक."

"पाणकोंबडी आहे ती."

"असेल. चालते मात्र तुझ्या मधल्या बहिणीसारखी. मान पुढं, अक्कल मागं."

धाकटी हसली नाही. आईच बोलत राहिली – लव्हाळ्यावर, चतुरांवर, बाकाच्या मोडक्या फळीवर – आणि बोलून बोलून घसा कोरडा पडला, पाय जड झाले, आणि वाटलं, कितीदा ही राखण करायची, माणसांची, बातम्यांची... सांगून टाक बाई एकदाची.

लाकडी साकवावर धाकटी थांबली.

"आई, बोल ना आता."

"मी? काय बोलू?"

"अर्धं तळं संपलं. तू नुसती बदकं दाखवतेयस. डॉक्टरकडे एकटी जाऊन आलीस, तेव्हापासून तोंडाला कुलूप. आणि आज म्हणतेस चालायचंय. मला काय कळत नाही?"

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि कठड्याला हात टेकावा लागला. डॉक्टर. तो कालपरवाचा पोरगा – त्याच्या शाळेच्या चड्ड्या मी शिवल्या असतील – तो म्हणाला होता, आजी, गुडघे झिजलेत, वयोमानानं होतंच. आजी! त्या रागानं ती घरी येऊन गप्प बसली होती. आणि या पोरीनं त्या गप्प बसण्याचं काय काय करून ठेवलं... नखं, केस, साखर.

"मी त्याला नाही म्हणून सांगते," धाकटी पाण्याकडे बघत म्हणाली. "त्यानं लग्नाचं विचारलंय मला. पण तुझं असं असताना मी कुठं जाणार?"

म्हणजे खोटंसुद्धा बोलायला नको होतं. नुसता एक उसासा टाकला असता, कठड्यावर थोडं जास्त रेललं असतं, की झालं असतं. धाकटी राहिली असती. इतकं सोपं... आणि इतकं जवळ, हात लांबवला की मिळेल असं.

"गुडघे आहेत," ती म्हणाली. "झिजलेत. बाकी मला धाड भरलेली नाही."

धाकटीनं तिच्याकडे वळून बघितलं. डोळे भरले होते. "मला माहीत होतं तू सांगणार नाहीस."

"अगं, खरं तेच सांगतेय."

"बाबांच्या वेळीही असंच म्हणालीस. नुसता खोकला आहे."

म्हणाले होते मी. धाकटीनं तिच्या दंडाखालून हात घातला आणि दोघी पुढं निघाल्या. उद्या चल माझ्याबरोबर, डॉक्टरलाच विचार – एवढं वाक्य पुरलं असतं. ते तोंडात तयारही होतं. पण हात उबदार होता, आणि ती फार दमली होती, आणि थोडं अंतर, पुढच्या वळणापर्यंत, हे असंच चालू द्यायला काय हरकत होती...

"हळू. मूळ आहे."

"अगं, किती आवळतेस! मी काय कापडाचा ताका आहे?"

ती उत्तराची वाट बघत राहिली. आता येईल – ताका बरा, निदान बडबडत नाही – असलं काहीतरी येईल.

"बरं, आई," धाकटी म्हणाली, आणि पकड अलगद सैल केली.

वळण आलं, गेलं. ते वाक्य तोंडातच राहिलं. धाकटी शेजारी होती, श्वास ऐकू येईल इतकी जवळ, आणि तिला भांडणाऱ्या धाकटीची आठवण येऊ लागली.