नव्या कुकरातले तांदूळ

गुरुवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी हूटगळ्ळीतल्या एका नव्या घरात प्रेशर कुकर फुटला. झाकण ओट्यासमोर उभ्या असलेल्या रेजिनाच्या कपाळावर बसलं, उकळती डाळ मानेवर आणि गालावर उडाली. तिच्या लग्नाला अकरा दिवस झाले होते. कुकर त्या दिवशी पहिल्यांदाच शेगडीवर चढला होता.

दहा वाजता रेजिना इस्पितळात बेशुद्ध होती आणि तिची सासू लूर्दम्मा पोलीस ठाण्यात. आदल्या संध्याकाळी घरातून भांडणाचा आवाज आला, असं शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. कुकरशी सासूनेच काहीतरी केलं, अशी रेजिनाच्या माहेरच्यांनी तक्रार दिली होती.

अंबाबाईला हे कळलं ते दुपारी, नजरबादच्या दुकानात. ती तिथे नऊ वर्षं कामाला होती. दुकान जसिंता मॅडमचं. एका भिंतीला प्रार्थनेची पुस्तकं. दुसरीला पगार कसा पुरवावा, कर्जातून कसं सुटावं, शिल्लक कशी टाकावी, असली. मागच्या खोलीत कुकर, इडलीपात्रं, इस्त्र्या, पाण्याचे ड्रम. गिऱ्हाईक कर्जाचं पुस्तक घेतं तेव्हा वर प्रार्थनेचं ठेवून गल्ल्यावर आणतं, हे अंबाबाईला पहिल्याच वर्षी कळलं होतं. लग्नसराईत मॅडम तिन्हींचा संच लावत: रोज एक पान वाचायचं प्रार्थनेचं पुस्तक, घरखर्चाचे तक्ते भरायचं पुस्तक, आणि एक कुकर. चर्चमधली मंडळी आहेराला हाच संच नेत.

रेजिनाचा संच अंबाबाईनेच बांधला होता.

अंबाबाईचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबा कापड रंगवीत, छापीत. तो धंदा बुडून दोन पिढ्या झाल्या, पण रिकामं भांडं कुणाच्या हातात द्यायचं नाही, ही घरची रीत राहिली. शेजारणीची वाटी परत करायची तरी तळाला चिमूटभर साखर हवी. मग नव्या नवरीच्या घरी जाणारा कुकर रिकामा कसा पाठवायचा? दुकानात हळदकुंकू, उदबत्ती असलं काही नको, अशी मॅडमची ताकीद होती. म्हणून अंबाबाई घरूनच हळद लावलेले तांदूळ आणी आणि कागदाच्या पुडीत बांधून प्रत्येक भांड्यात हळूच ठेवी. नऊ वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. बायका पुडी उघडत, हसत आणि तांदूळ भातात टाकत.

रेजिनाच्या लग्नाआधीच्या शनिवारी मात्र सहा संच एकदम निघाले होते. गिऱ्हाईक दारात उभं, पुडीला कागद सापडेना. शेवटच्या, रेजिनाच्या कुकरात तिने मूठ तशीच मोकळी सोडली आणि झाकण लावलं.

गुरुवारी तीन वाजता, दुकानात कोणी नसताना, ती मागच्या खोलीत गेली. तसलाच एक कुकर काढला, मूठभर तांदूळ घातले, झाकण लावलं, कुकर खोक्यात घालून खोका उलटासुलटा हलवला. मग झाकण काढून शिटी बसते ती नळी खिडकीकडे धरली. दोनदा असं केल्यावर नळीतून उजेड दिसला. तिसऱ्यांदा दिसला नाही.

तिने सुईने दाणा काढला आणि कुकर जागेवर ठेवला.

शुक्रवारी साडेअकराला रेजिनाचा नवरा अंतोणी दुकानात आला. दाढी वाढलेली, काखेत कुकरचा रिकामा खोका.

"मॅडम, एकच विचारायचंय. कुकरात तांदूळ कोणी घातले?"

"कसले तांदूळ?" जसिंता मॅडमनी चष्मा काढला.

"पिवळे. अम्माने बुधवारी कुकर धुवायला काढला, तेव्हा आत होते. तिने टाकून दिले, पाण्याने खळबळला. हे ती पोलिसांना दहादा सांगत्येय. ते म्हणतात, म्हातारे, गोष्ट रच, पण जरा बरी रच. नव्या कुकरात तांदूळ कोण घालतं?"

"आणि भांडण?"

"टीव्हीच्या आवाजावरून झालं, मॅडम! पण ते तुमचं पुस्तक आहे ना, खर्चाचं? रेजिनाने पहिल्याच तक्त्यात लिहिलंय, आईकडून यायचे पन्नास हजार. फ्रिजसाठी तिनेच आपल्या आईकडे उसने मागितले होते. माहेरचे आता म्हणतात, हा हुंडा. पोलिसांनी ते पुस्तक जप्त केलंय."

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "बाळा, माल कंपनीचा. जसा येतो तसा आम्ही देतो. मी रेजिनासाठी प्रार्थना करत्येय."

"अम्मासाठी पण करा," अंतोणी म्हणाला. जाताना त्याने अंबाबाईकडे पाहिलं. ती फडकं हातात धरून कपाटाला टेकली होती. तिला वाटलं, आता विचारील. त्याने विचारलं नाही.

तो रस्त्यापलीकडे गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "अंबक्का, तुमच्या बोटांना हळद असते ते मी बघते. नऊ वर्षं काही बोलले का? आताही बोलत नाही. तुम्हीही बोलू नका."

"ती म्हातारी खरं सांगते आहे, मॅडम."

"कुकरला सेफ्टी वॉल्व्ह असतो. नळी बुजली तरी तो उडायला पाहिजे. उडाला नाही, म्हणजे दोष कंपनीचा. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

हे अंबाबाईला पटलं. घरी पोचेपर्यंत पटलेलं राहिलं.

नवरा मोहनराव पुढच्या खोलीत साड्यांना पॉलिश करून रोलिंग करी. दोन्ही हातांनी साडी ताणून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सुम्ने बस," तो म्हणाला. "तोंडातून ब्र काढू नको. पिवळे तांदूळ म्हटल्यावर लोक काय म्हणतील ठाऊक आहे? माट केलं म्हणतील. चर्चच्या दुकानात शिरून नव्या नवरीवर करणी केली. उद्या आपल्या दारात दगड."

"अहो, पण ती आत बसली आहे."

"तू आत गेलीस तर ती बाहेर येईल, याची गॅरंटी कोण देतो? तुझी मॅडम?"

"तुम्ही बोलता पण साडीला पॉलिश केल्यासारखं. वरून चमक, डाग तसाच."

"अय्यो, मग जा! वळकटी बांधून देऊ?"

त्या रात्री दोघंही जेवली, पण भात तिने लावला नाही. चपात्या केल्या.

शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ती पोलीस ठाण्यात गेली. लूर्दम्माला आदल्या दिवशी न्यायालयासमोर उभं करून तुरुंगात पाठवलं होतं. इन्स्पेक्टर तरुण होता. त्याने तिला बसायला सांगितलं.

"तांदूळ कशाला घातले, अम्मा?"

"रिकामं भांडं देत नाहीत आमच्यात."

"आणि हळद?"

"शुभ असते म्हणून."

"मालकिणीला माहीत होतं?"

तिथवर अंबाबाईने घोकून ठेवलेलं होतं. हा प्रश्न त्यात नव्हता. "मी लपवून घालत होते," ती म्हणाली. ते खरंच होतं.

"मुलीशी, तिच्या माहेरच्यांशी ओळख? काही वैर?"

"तिला मी पाहिलेलंसुद्धा नाही."

त्याने सगळं कन्नडमध्ये लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि सही घेतली. तिने विचारलं, "मग आता लूर्दम्माला सोडणार ना?"

"तुमच्या तांदळांनी कुकर फुटला की नाही, ते झाकण तपासणारे सांगतील. पुस्तकातली ओळ तुम्ही लिहिली नाहीत. ती आहेच." त्याने कागद फाईलला लावला. "तुम्ही गाव सोडून जाऊ नका."

दुपारी ती दुकानात गेली तेव्हा बातमी तिच्या आधीच पोचली होती. जसिंता मॅडमनी तिची पिशवी आणि डबा गल्ल्याजवळ काढून ठेवला होता. मॅडम रडत होत्या. अंबाबाईने पिशवी आणि डबा उचलला.

रविवारी रेजिनाच्या काकांनी ठाण्यात दुसरा अर्ज दिला. त्यात अंबाबाईचं नाव होतं, आणि करणीचा उल्लेख होता.

सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत रेजिना शुद्धीवर आलेली नव्हती. झाकण तपासणीसाठी बेंगळुरूला गेलं होतं. अहवालाला किती दिवस लागतील, हे कोणी सांगू शकलं नाही. लूर्दम्माच्या जामिनाची सुनावणी गुरुवारवर गेली होती. सहा वाजता एक हवालदार मोहनरावच्या दारात आला. अंबाबाईला बुधवारी पुन्हा बोलावलं आहे, असं त्याने सांगितलं, आणि येताना वकील आणला तरी चालेल, असंही.