दुपट्ट्याची गाठ

शोभाबाईंनी लहानूच्या खांद्यावरचा दुपट्टा सरळ ओढून घेतला आणि ढेपेच्या पोत्याच्या तोंडाशी करकचून गाठ मारली.

“पैसे आले नाई असं नाई म्हणत मी,” त्या म्हणाल्या. “मले दिसून नाई राह्यले, एवढंच. पुन्हा पाठवू नको. तुहं पोतं तुह्याच नावाचं हाय. जाय, बजारातलं काम आटपून येजो.”

“माह्या खात्यातून तं कटले नं, काकू!”

“कटले असतीन. वाटेत असतीन. मी कुठं पळून चालली?”

लहानू हसला आणि उघड्या खांद्याने निघून गेला. पैसे आले की मोठ्याने सांगणारा गल्ल्याशेजारचा डबा मात्र मुका तो मुकाच.

मागे पोत्यांच्या थप्पीवर लॅपटॉप घेऊन बसलेली वेदश्री हे बघत होती. शोभाबाई तिची आत्या. सिंदी मेघेत दोन दिवस विजेचा पत्ता नव्हता, म्हणून ती काम घेऊन हिंगणघाटला आत्याच्या दुकानात येऊन बसली होती, आणि ते काम सकाळपासून तिच्या मानगुटीवर बसलं होतं.

एका कंपनीने गिऱ्हाइकांशी बोलायला एआय मदतनीस ठेवला होता. पैसे पोचले की नाही हे तपासायचं एक साधन त्याच्या हाती दिलं होतं. त्या साधनाचं माहितीपान लिहायचं ते वेदश्रीने: केव्हा वापरायचं, उत्तर काय येतं, त्या उत्तराचा अर्थ काय. मदतनीस बिचारा आज्ञाधारक, पानावर लिहिलेलं तेच त्याचं ब्रह्मवाक्य. आणि वेदश्रीने लिहिलं होतं, ‘यशस्वी’ आलं तर पैसे मिळाले, बाकी काहीही आलं तर मिळाले नाहीत. सकाळच्या चाचणीत पैसे नुसते ‘प्रलंबित’ होते, तर या पठ्ठ्याने समोरच्या बाईला खुशाल सांगितलं, पैसे आले नाहीत, पुन्हा भरा. चाचणी होती म्हणून निभावलं, नाहीतर कुणी खरंच दोनदा भरले असते. हे काम देणारे देवेंद्र सर आवाज न चढवता फोनवर म्हणाले होते, “साधन बरोबर आहे, पान चुकलंय. पाचपर्यंत जमलं नाही तर मी दुसऱ्याकडे देतो.” वेदश्रीने एकटीच्या जिवावर घेतलेलं हे पहिलंच काम होतं.

तिने पोत्यावरच्या गाठीकडे पाहिलं आणि तिची बोटं चालू लागली. ‘प्रलंबित’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. पैसे अजून दिसत नाहीत, एवढंच सांगावं. पुन्हा भरायला सांगू नये. माल गिऱ्हाइकाच्याच नावाने राखून ठेवावा. परत केव्हा बघणार ते सांगावं. वा गं आत्या! चौथी शिकलेली बाई, आणि इथे आपण सकाळपासून डोकं आपटतोय.

साडेतीनला चाचणी झाली. मदतनीस अगदी शहाण्यासारखा बोलला. मग कंपनीच्या तपासणाऱ्यांनी मुद्दाम मधल्या मधे पैसे जमा केले आणि विचारलं, “आता?” गडी साधनाकडे वळलाच नाही. मघाचंच उत्तर पुन्हा ऐकवलं, अजून दिसत नाहीत. वेदश्रीने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात प्रमिलाबाई गाईसाठी ढेप न्यायला आल्या. त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाच्या गोष्टी निघाल्या. शोभाबाईंचं तोंड चालू, हात चालू. त्यांनी हाताला आलं ते पोतं पुढे ओढलं, बोटं गाठीला लागली आणि त्या थबकल्या.

“अगं माय! हे तं लहानूचं!”

त्यांनी प्रमिलाबाईंना दुसरं पोतं दिलं आणि चष्मा चढवून फोन पाहिला. लहानूचे पैसे वीस मिनिटांपूर्वीच येऊन बसले होते. डबा बोललाच नव्हता.

“आत्या, मला वाटलं, तो परत यावा म्हणून तू दुपट्टा ठेवून घेतेस,” वेदश्री म्हणाली.

“लहानूवर भरोसा हाय वं. माह्या डोक्श्यावर नाई. मघा काय बोलली ते खरं धरून बसली तं मी एखाद्याचं पोतं इकून टाकीन. गाठ हाताले लागली का पुन्हा पाहते.”

वेदश्रीने लॅपटॉप पुन्हा पुढ्यात ओढला. मग तिने पानावर एक ओळ वाढवली: आपल्याच आधीच्या उत्तरावर विसंबू नये, दर वेळी साधनाला नव्याने विचारावं.

पावणेपाचला चाचणी पार पडली. देवेंद्र सरांचा निरोप आला.

“उत्तम. काम तुझंच. ती शेवटची ओळ कुठून आणलीस?”

“एका जाणकार बाईंना विचारलं.”

“मग त्यांचंही मानधन द्यायला हवं. खातं कळव.”

वेदश्रीने गल्ल्यावर चिकटवलेला दुकानाचा नंबर पाठवला.

“पाठवले. मिळाले ना?”

डबा गप्प. आत्याचा फोनही गप्प. वेदश्रीने भराभर लिहिलं, ‘नाही आले’. पाठवायला बोट टेकणार, एवढ्यात दारात लहानू आला. तो वाकून पोत्याची गाठ सोडू लागला. वेदश्रीने लिहिलेलं खोडलं.

“अजून दिसत नाहीत, सर. पुन्हा पाठवू नका. अर्ध्या तासाने बघून सांगते.”

“एकटीच काऊन हसून राह्यली वं?” शोभाबाईंनी विचारलं.

वेदश्रीने आपल्या ओढणीचं टोक हातात घेतलं आणि त्याला एक घट्ट गाठ मारली.