आपोआप उघडणारी खिडकी

न बोलावता पुढ्यात येऊन उभा राहणारा माणूस मला खपत नाही, मग कॉम्प्युटरमधली खिडकी तरी का खपावी? मी बातम्या बघत बसलेलो. मास्तरीण सुनेनं तिच्या शाळेचा पेनड्राइव्ह खोचला, की आलीच ती बातम्यांच्या डोक्यावर. काय उघडू, म्हणे! अरे, तुला विचारलंय कोणी?

"स्नेहल, हे थोबाड बंद कर बघू याचं," मी म्हणालो.

तिनं सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्लेचं, म्हणजे त्या आपोआप उघडण्याचं, बटण बंद केलं. लगेच, हूं की चूं न करता. इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. या घरात पंखा बंद करा म्हटलं तरी घसा फोडावा लागतो, आणि हे काम एवढ्या तत्परतेनं? नोटांच्या प्रेसमध्ये उभा जन्म गेलाय माझा. लोक कधी लगबग करतात ते मला शिकवू नका.

भीती कसली, ते स्पष्टच सांगतो. माझा मुलगा महेश पुण्याला नोकरीला आहे, सुट्टीला येतो. त्यानं बायकोला तिकडं नेलं, की जेलरोडच्या या घरात मी एकटाच. बायको गेल्यापासून स्वयंपाकघरात भांडं वाजतं ते स्नेहलमुळं. ते बंद पडलं तर मी कुणावर ओरडू?

त्यात रविवारी महेशनं तिच्या हातात एक नवाकोरा केशरी पेनड्राइव्ह ठेवला. मला पाहताच तिनं तो पर्समध्ये टाकला. म्हटलं, नक्कीच कुठंतरी पाणी मुरतंय.

बटण कुठं आहे ते मी तिच्या पाठीमागून पाहिलं होतंच. ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तसं मी ते परत चालू केलं आणि पेपर उघडून शेजारी बसलो.

ती आली. केशरी पेनड्राइव्ह लावला. खिडकी टपकन उघडली आणि फोटोच फोटो! रिकामा हॉल, ओटा, गॅलरी, आणि बिल्डरची पुण्याची पाटी.

"सापडलीस!" मी पेपर आपटला. "मला अंधारात ठेवून फ्लॅट?"

तिनं आधी स्क्रीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हे मी बंद केलं होतं, नाना."

"मी चालू केलं! बिघडलं काय? प्रेसच्या गेटवर रोज आमची झडती व्हायची. कुणी मनाला लावून घ्यायचं नाही."

"ती प्रेस होती. हे घर आहे," ती हळू म्हणाली. "बिल्डरनं यांना दिलाय हा. मी फोटो पुसून त्यात शाळेचे पेपर भरणार होते. वर्षभर भांडतेय मी यांच्याशी, नानांना एकटं टाकून येणार नाही म्हणून. तुमच्या जिवाला घोर नको, म्हणून लपवला."

"अगं पोरी, मला काय माहीत..."

"विचारायचं होतंत."

तिनं माझ्यासमोरच महेशला फोन लावला.

"अहो, तो फ्लॅट बघायला येते मी. हो, जाऊ या राहायला... नाही हो, भांडण कशाचं? मीच ठरवलं." तिनं माझ्याकडं पाहिलं. "नाही. नानांचं काही म्हणणं नाही."

तिनं फोन ठेवला आणि फोटो नीट बघायला लागली.