दाराबाहेर ऐकलेलं गाणं

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कठडा आहे. नाट्यगृहाच्या जिन्याबरोबर मी वर चढतो, भिंतीतून आरपार आत शिरतो आणि बाल्कनीच्या कडेने दुसऱ्या टोकापर्यंत जातो. सुताराने शेवटचा रंधा फिरवून माझ्यावर स्वतःचा गाल घासून पाहिला होता. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं.

माझ्यावर कोपरं टेकून रसिक मध्यंतरात भांडतात.

"संगीतिका म्हणजे नुसता झगमगाट! नाटक असं हवं की घरी गेल्यावर झोप उडाली पाहिजे."

"तुम्हाला तर नाटक चालू असतानाच लागते!"

"आणि खालच्या तिकिटांचे भाव? गाणी ऐकायची की घर गहाण टाकायचं?"

मला दोन्ही बाजू पटतात. कठड्याला कुंपणावर बसायची सवयच असते.

अलीकडे माझं पॉलिश उडालं आहे, एक खांब डुगडुगतो. पोरं माझ्यावर नावं कोरतात. पण त्या संध्याकाळी जे घडलं, ते आठवलं की आजही माझ्या लाकडाचे तंतू शहारतात.

गाजलेल्या संगीतिकेचा खेळ होता. तिचं पहिलंच गाणं जो तो गुणगुणत होता. ते एकदा समोर बसून ऐकायचं, एवढीच एका आजींची इच्छा. खालची तिकिटं परवडेनात, म्हणून लेकीने बाल्कनीची काढली. आजींचे गुडघे मात्र पार गेलेले. माझ्यावर दोन्ही हात रोवून त्या एकेक पायरी चढू लागल्या. मागून कॉलेजात नाटक शिकवणारा त्यांचा मुलगा कुरकुरत होता.

"आई, या गोंगाटासाठी एवढा जीव काढतेस?"

"दादा, तू आज तरी तोंड बंद ठेव," लेक म्हणाली.

चार पायऱ्या उरल्या आणि तिसरी घंटा झाली. डोअरकीपरने दार लावून घेतलं.

"माफ करा आजी. पहिलं गाणं संपेपर्यंत दार उघडत नाही. नियम आहे."

आजी मटकन पायरीवर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले. एक हात मात्र माझ्यावरच राहिला.

तेवढ्यात आत गाणं सुरू झालं. मित्रांनो, किती गळे, किती वाद्यं! बाल्कनीतल्या साऱ्यांनी माझ्यावर ठेका धरला. तो ठेका भिंतीतून माझ्या अंगात उतरला आणि जिन्यावर आजींच्या तळहातापर्यंत पोचला. आजींनी चमकून मुलाचा हात ओढला आणि माझ्यावर ठेवला. तो हात आधी अवघडला, मग घट्ट झाला. एवढं मोठं काही माझ्यातून वाहू शकतं, हे मलाही ठाऊक नव्हतं. मी थक्क झालो.

डोअरकीपरला राहवलं नाही. त्याने हळूच कडीला हात घातला. "जा आजी, कुणी बघत नाही."

"नको!" मुलगा कुजबुजला. "आता उघडू नका. गाणं मोडेल."

आजी ओल्या डोळ्यांनी हसल्या. "गोंगाट ना रे हा?"

"गप्प बस गं आई. ऐकू दे."

मित्रांनो, माझ्यावर नावं कोरू नका. तो डुगडुगता खांब कुणीतरी घट्ट करा. गुडघे दुखणारी माणसं अजून वर येतात, आणि त्यांना गाणं ऐकायचं असतं.